पिपरडोहचं धान

आमच्या माळ्यावर धानाचा एक कट्टा, म्हणजे तोंड बांधलेलं पोतं, होता. त्याला कोणीही हात लावायचा नाही हा आमच्या घरातला बहुधा एकमेव नियम, जो आई, बाबा आणि मामा या तिघांनाही मान्य होता. घर म्हणजे गांधीबागेत एका कापडवाल्याच्या गोदामावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर मांजरपाटाच्या गाठींचा, खळीचा आणि हमालांच्या विड्यांचा वास येई, आणि कापड फाडल्याचा आवाज. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की बाजार बंद असला की कानात दडे बसल्यासारखं वाटे. दुकानातला माणूस कात्रीनं बोटभर चीर देई, मग दोन्ही हातांनी ओढी. पुढचं कापड आपणहून सरळ फाटत जाई. भाषावार राज्यं कशी झाली हे शाळेत शिकवलं तेव्हा मला तोच आवाज ऐकू आला. पुढे कळलं की कापडाला निदान उभा-आडवा धागा तरी असतो.

बाबा जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत कारकून होते. नागपूर राजधानी होती तेव्हा ते तिथे लागले, आणि राजधानी गेली तेव्हा भोपाळला जाणारी दफ्तरं वेगळी आणि मुंबईला जाणारी वेगळी अशी त्यांनीच सुतळीनं बांधून दिली. पगार तोच राहिला, म्हणून त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. पुढे दर हिवाळ्यात मंत्री यायचे, रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा पडायच्या, काही दिवस शहराला पुन्हा राजधानीसारखं वागवलं जायचं, आणि चुना पुसट व्हायच्या आत सगळे परत जायचे. बाबा याला सरकारचं माहेरपण म्हणत. ते वर्तमानपत्र वाचायचे ते प्रूफ तपासल्यासारखं, आणि कागदावर नसलेली गोष्ट जगात आहे हे मानायला त्यांना फार वेळ लागायचा.

गणपतमामा आईचा धाकटा भाऊ. तो आमच्याकडेच राहायचा, बाहेरच्या खोलीत, सायकलीशेजारी. सकाळी सीताबर्डीपर्यंत चालत जाई आणि तिथून कंपनीच्या बसनं हिंगण्याला, पत्र्याच्या पेट्या बनवण्याच्या कारखान्यात. बायको गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी तो परत आला की त्याच्या कपड्यांना तापलेल्या लोखंडाचा वास असे. आई त्याच्यासमोर ताट ठेवी आणि बाबा, ताटावर बसल्या बसल्या, परगण्याचा विषय काढीत. रोज नाही, पण आठवड्यात एकदा तरी.

"परगणा कुठी आहे गा गणपत? मले नकाशात दाखव."

"नकाशा तुमच्या साहेबाचा, भाऊजी. परगणा आमचा."

"परगणा म्हणजे आता तेरवीचं जेवण. बाकी काही नाही त्यात."

"मंग जेवाले तं जाता ना तुम्ही?"

बाबा यावर कोशिंबीर मागून घेत.

परगणा म्हणजे सालईगड. नदीच्या दोन्ही काठांची एकवीस गावं, भोसल्यांच्या काळी एका मुलूखदाराकडे दिलेली. गड कुठे होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सालईची झाडं मात्र होती. इंग्रजांनी त्या परगण्याची तहसील केली, मग तहसिलीचे दोन तुकडे झाले, मग राज्यं वेगळी झाली आणि नदीच हद्द ठरली. काही गावं पलीकडे, मध्यप्रदेशात गेली. आमचं हिवरी आणि आईचं पिपरडोह अलीकडे राहिलं. कुठल्याही कचेरीत सालईगड नावाचा कागद उरला नाही. पण लग्न परगण्यात व्हायचं आणि माणूस मेला की परगणा यायचा.

तो यायचा म्हणजे कसा, हे सांगायला हवं. तेराव्या दिवशी अंगणात चुलाणावर आधणाचा मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, चढवलेला असे, नुसत्या पाण्याचा. परगण्याचा पाटील ओट्यावर उभा राहून एकेका गावाला हाक मारी, नदीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत, ठरलेल्या क्रमानं. ज्या गावाचं नाव येई त्या गावचा माणूस उठे, "हाये" म्हणे, आणि आपल्या गावच्या शेतातला पसाभर तांदूळ गंजात सोडी. सगळ्या गावांचा तांदूळ पडला की मगच भात शिजायचा, त्यातलं पहिलं पान मेलेल्या माणसाला, मग पंगत. राज्याची हद्द, पोलीस, पूर, काहीही मध्ये आलं तरी गावं आपला माणूस पाठवत. ज्या गावाच्या हाकेला कोणी उठलं नाही ते गाव मुकं. मुक्या गावाला पुढे हाक नाही, आणि त्या गावचं माणूस मेलं तर त्याच्या तेरवीला परगणा नाही. त्याचं पान एकटं.

पिपरडोह धरणात गेलं होतं. मी लहान होते तेव्हाच. लोक पांगले, कोणी विटांच्या भट्टीवर, कोणी पार बल्लारशाकडे, आणि बहुतेकांनी परगण्याशी नातं सोडून दिलं, कारण पोटाशीच जुळत नव्हतं. मामा शेवटपर्यंत थांबला होता. त्यानं शेवटचं पीक काढलं, खळ्यात पाणी शिरायच्या आत मळलं, आणि बाकी सगळं जाईल तसं जाऊ देऊन एक कट्टा धान बैलगाडीनं, मग मोटारीनं, मग हमालाच्या पाठीवरून आमच्या माळ्यावर आणलं. धान तुसात असलं की वर्षानुवर्षं टिकतं. त्यात तो कडुनिंबाचा पाला घाली आणि उंदरांसाठी त्यानं एक मांजर पाळलं होतं, जे उंदीर सोडून सगळ्यांवर गुरगुरायचं. परगण्यात कुठे तेरवी असली की मामा माळ्यावर चढे, ओंजळभर धान काढी, आई ते उखळात कांडून देई, आणि ते तांदूळ रुमालात बांधून तो रजा टाकून जाई. हाकेला उठायला पिपरडोहचा तो एकटाच उरला होता. त्याचा हिशेब साधा होता. गाव बोलतं राहिलं तर तो मेल्यावर परगणा येईल.

"माह्या तेरवीपुरतं उरवून ठेवजो वं ताई," तो कांडताना समोर बसून म्हणे.

"मेला म्हणजे का भुकेजला राहशीन?" आई म्हणे.

हे बोलणं दर वेळी व्हायचं आणि दर वेळी दोघं हसायची. मलाही तेव्हा ते विनोदीच वाटायचं.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. त्याविषयी लिहिताना लोक भेगाळलेल्या जमिनी आणतात. आम्ही शहरातले, आम्ही फक्त रांगा पाहिल्या. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशी लाल ज्वारी, जी तिकडे म्हणे डुकरांना घालतात. ही माहिती कोणी पुरवली ठाऊक नाही, पण ती प्रत्येक घरात जेवताना सांगितली जाई. मिलोची भाकरी तव्यावर लाल दिसायची आणि थंड झाली की चामड्यासारखी वाकायची. तांदूळ बाजारात होता, पण तो आमच्या नजरेपेक्षा वरच्या फळीवर होता. त्यातच माझ्या धाकट्या भावाला, विलासला, विषमज्वर झाला. ताप उतरला तेव्हा तो काठीसारखा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, पेज द्या, मऊ भात द्या, भाकरी अजिबात नको. डॉक्टरांचं काम इथे संपलं.

मामाची दुपारपाळी होती. बाबा कचेरीत. मी शाळेतून आले तेव्हा जिन्यातच मुसळाचा आवाज ऐकला. खाली कापड फाटत होतं आणि वर मुसळ पडत होतं. आई उखळापाशी बसली होती आणि माळ्याची शिडी लावलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कांडत राहिली. मग सुपात पाखडलं, तूस वेगळं केलं, आणि ते तूस फेकलं नाही. परत कट्ट्यात भरलं आणि तोंड पूर्वीच्याच गाठीनं बांधलं. विलासनं ती पेज दोन्ही हातांनी भांडं धरून प्यायली. दुसऱ्या दिवशीही. मग तो बरा होत गेला तसा भात लागला, आणि भाताचा वास दोन खोल्यांत लपत नाही, म्हणून मलाही मिळाला, आणि आईनं खरवड खाल्ली. आम्ही मामा यायच्या आत भांडी घासून पालथी घालायचो. असं किती दिवस चाललं हे मला सांगता येणार नाही. विलास आता पुण्यात असतो. साखर वाढल्यामुळे भात खात नाही.

उन्हाळ्यात हिवरीला आबाजी गेले, बाबांचे वडील. बाबा आधीच गावी पोचले होते. आम्ही तेरवीच्या आदल्या दिवशी निघणार होतो. मामानं शिडी लावली. मी खाली उभी होते. मग तो कट्टा घेऊनच खाली उतरला, एका हातात, कारण आता तो एका हातात येत होता. त्यानं तो उघडून फरशीवर थोडा ओतला. नुसतं तूस, सोनेरी, हलकं. पंख्याच्या वाऱ्यानं त्यातलं थोडं उडून आईच्या पायाशी गेलं.

"ताई," तो म्हणाला, "हे काहून वं?"

"विलासले भात पाहिजे होता."

मामा खाली बसला. त्यानं तुसात बोटं फिरवली, एखादा दाणा चुकून राहिला असेल तर. मी वाट पाहत होते की आता तो ओरडेल.

"शिजलं कसं?" त्यानं विचारलं.

"मोकळं मोकळं. जुनं झालं होतं ना."

"हाओ. नवं होतं तवा मऊ शिजे."

मग त्यानं सगळं तूस हातानं गोळा केलं, कट्ट्यात भरलं, गाठ मारली आणि कट्टा होता तिथे माळ्यावर नेऊन ठेवला.

हिवरीला रात्री आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी मुंडण केलेलं डोकं खाजवलं आणि सरळ उपाय सुचवला. घरच्या कोठीतला पसाभर तांदूळ रुमालात बांध, कोण पाहणार आहे? निम्मी गावं आता संत्री लावतात. त्यांचा तांदूळ काय झाडाला लागतो? हे खरं होतं. ओट्यावरून हाक देणाऱ्या डोमाजी पाटलाच्या स्वतःच्या गावात धानाची एक बांधी, एक खाचरसुद्धा उरलं नव्हतं, आणि त्याचा तांदूळ नेहमी वाण्याकडच्यासारखा पांढरा, लांब आणि चकचकीत असायचा. पण मामानं मान हलवली. "मंग मी एवढे वर्सं कायले उठून राहिलो होतो, भाऊजी?" तो म्हणाला. बाबांकडे याला उत्तरं पुष्कळ होती, पण ती त्यांनी त्या रात्री दिली नाहीत.

सकाळी अंगणात मांडव पडला होता. वांग्याची भाजी, वरण, बुंदी, सगळं तयार होतं आणि गंजातलं आधण उकळत होतं. नदीपलीकडची माणसं पहाटेच आली होती. डोमाजी पाटील फेटा बांधून ओट्यावर चढला आणि हाकेआधी त्यानं भाषण केलं, कारण ओटा आणि फेटा एकत्र आले की भाषण होतंच. राजे गेले, इंग्रज गेले, सरकारनं नदीवर रेघ ओढली, पण सालईगड परगणा मोडणारा कागद अजून कुठल्या छापखान्यात छापला नाही, असं तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. पलीकडच्या गावांकडे पाहून त्यानं त्यांना विशेष मान दिला. मग हाका सुरू झाल्या. एकेक माणूस उठत होता, "हाये" म्हणत होता, तांदूळ आधणात पडताना बारीक आवाज होत होता.

"पिपरडोह."

मामा उठला. "हाये," तो म्हणाला, आणि गंजापाशी जाऊन रिकामे हात घेऊन उभा राहिला.

"तांदूळ?" पाटलानं विचारलं.

"संपला."

"संपला म्हणजे? कट्टा होता ना तुह्याजवळ?"

आई स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. मामानं तिच्याकडे एकदाच पाहिलं, ओझरतं, आणि मान किंचित हलवली. मग पाटलाकडे वळून म्हणाला, "दुष्काळ होता पाटील. मी खाल्लं."

कोणीतरी हसलं. पाटलानं हसू दाबलं नाही. "पाण्यानं गाव बुडवलं," तो लोकांकडे पाहून म्हणाला, "अन् उरलेलं यानं खाऊन टाकलं." आता सगळेच हसले, तेरवीच्या मांडवात हसतात तसं, तोंडाला उपरणं लावून.

आणि मग जे झालं त्याचं मला आजही नवल वाटतं. बाबा उठले. पिंड देणारा मुलगा म्हणून त्यांनी त्या दिवशी बोलायची गरज नव्हती. कचेरीत साहेबाशी बोलत असतील त्या आवाजात त्यांनी सांगितलं की पिपरडोह कागदावर रिठी म्हणून लागलेलं आहे. आमच्याकडे वस्ती उठलेल्या गावाला महसुलात रिठी म्हणतात. नावापुढे तेवढा एक शब्द लिहिला की माणसं नसली तरी मौजा कायम राहते. "हद्द आहे, शिवार आहे, नकाशा माझ्या दफ्तरात आहे," बाबा म्हणाले. "पाण्याखाली असन, पण सरकारनं गाव काढलं नाही. मंग तुम्ही कसे काढता?"

माझे वडील आयुष्यभर परगण्याला हसले, आणि त्या परगण्यात एक गाव राहावं म्हणून त्यांनी सरकारचा कागद पुढे केला. आणि ज्यानं घटकाभरापूर्वी सरकारची रेघ मानली नव्हती त्या पाटलानं आता धरणाची भिंत मानली.

"भाऊ," तो फार गोडीनं म्हणाला, "तुमच्या कागदावर भात शिजते का?"

बाबा उभेच होते. पाटलानं वाट पाहिली नाही. त्यानं पुढच्या गावाला हाक दिली, त्या गावचा माणूस उठला, "हाये" म्हणाला, आणि त्याला गंजापाशी जायला वाट हवी होती म्हणून मामा बाजूला सरकला. एवढंच. गाव मुकं व्हायला तेवढं सरकणं पुरलं. आई बोलली असती तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. काही झालं नसतं. तांदूळ तरीही नव्हता. फक्त मेलेल्या आबाजींच्या सुनेवर लोक हसले असते. हे मामानं उभ्या उभ्या ओळखलं होतं. आईनं पदर खोचला आणि भात वाढायला लागली. पाटलाच्या पानावर तिनं दोनदा वाढला. बाबांना खावंच लागलं. मामा गोठ्याच्या भिंतीशी बसून होता, मी त्याच्यासाठी पान नेलं तर म्हणाला, "नको वं बाई. मुक्याले पंगत नसते." परतीच्या मोटारीत तो माझ्याशी शाळेविषयी बोलत होता.

त्यानंतर बाबांनी जेवताना परगण्याचा विषय काढला नाही. मला वाटतं, मामाला त्याचाच जास्त त्रास झाला. कारखाना, बस, पाळ्या, सगळं चालू राहिलं. फक्त कुठे कोणी गेल्याचं कळलं की तो त्या दिवशी जादा पाळी मागून घ्यायचा. मांजर म्हातारं होऊन मेलं. माळ्यावर राखायला तसं काही उरलंही नव्हतं, तरी कट्टा तिथेच होता. दिवाळीच्या साफसफाईत आई तो उचलून खालची धूळ झाडी आणि परत ठेवी. सालईगड परगण्याचा आता मोबाइलवर गट आहे, त्यात लग्नाची स्थळं आणि सुविचार येतात. वीस गावांची नावं वर लिहिली आहेत. धरणावर बोटीतून फिरवतात.

मामा गेला तो छातीच्या दुखण्यानं, थंडीत, सरकारी दवाखान्यात. मी तेव्हा कॉलेजात होते. शेवटच्या दिवसांत त्यानं आईला एकच सांगितलं होतं, तेरवी करू नको, हाक देणार कोण. आई म्हणाली, पाहू ते. बाबांनी हिवरीला आणि पाटलाला पत्र टाकलं होतं. पाटलाकडून उत्तर आलं नाही. हिवरीहून माझे काका एकटे आले, ते हिवरीचे म्हणून नाही, आमचे म्हणून. बाकी तेराव्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत आणि जिन्यात होते ते कारखान्यातले बसमधले लोक, खालच्या गोदामाचे हमाल, आणि शेजारी. तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानातला. गच्चीवर विटांची चूल मांडून गंज चढवला होता.

तांदूळ वैरला, आणि आई डोक्यावर पदर घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली. मला वाटलं, लोकांना वर बोलावते आहे. तिनं पहिल्या गावाचं नाव घेतलं. बायकांनी हाक दिल्याचं परगण्यात कोणी ऐकलं नव्हतं, पण इथे परगणा नव्हताच. खाली कापड फाडणारा माणूस मान वर करून पाहू लागला. ती एक नाव घेई, उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबे, मग पुढचं. हिवरीच्या नावाला काकांनी मान खाली घातली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर हात ठेवून, बोटांनी मोजत. पिपरडोहचं नाव आलं तेव्हाही कोणी बोललं नाही. आई तेवढाच वेळ थांबली. मग तिनं मला माळ्यावरून कट्टा काढायला लावला, त्यात हात घातला, आणि ओंजळभर तूस उकळत्या भातात सोडलं. नंतर उरलेली गावं तिनं क्रमानं पूर्ण केली.

पहिलं पान मामाचं काढलं. मग आम्ही जेवायला बसलो. प्रत्येक घासाला दाताखाली तूस येत होतं. बाबा एकेक बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवत होते आणि खात होते. मामाच्या शेजारी बसमध्ये बसणारा एक माणूस होता, चांगला, लाजाळू. त्याला राहवलं नाही.

"ताई, तांदूळ निवडाचा राहिला वाटते. तूस येऊन राहिलं."

"हाओ," आई म्हणाली. "पिपरडोहचं आहे."

ही तांदळाची एखादी जात असावी असं त्याला वाटलं. चव चांगली आहे म्हणाला, आणि त्यानं अजून थोडा भात मागून घेतला.